पन्हाळ्याला वेढा पडलाय, आता तुम्ही काय करताय?

रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीनं बोलतो आणि ठरवतो; बाकीची माणसं, जागा आणि प्रसंग सांभाळतो तो गेम मास्टर. गेम मास्टर व्हायचं ठरवलं की माणूस आधी वही उघडून गोष्ट लिहायला बसतो. खलनायक कोण, वाटेत काय भेटणार, शेवट कसा होणार, सगळं आधीच ठरलेलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, तेवढं करू नका. एक जागा निवडा, तिथली माणसं ठरवा, आणि खेळणाऱ्यांनी कशातच हात घातला नाही तर काय काय घडत जाईल ते लिहून ठेवा. बस्स, एक पान. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ काढला तेव्हापासून या खेळाची खरी गंमत हीच आहे की पुढं काय होणार ते टेबलावरच्या कुणालाच माहीत नसतं. गेम मास्टरलासुद्धा नसावं.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घरी रविवारी दुपारी सतरंजी टाकून आम्ही बसतो. माझा भाचा, त्याचे कॉलेजचे दोन मित्र आणि शेजारच्या वहिनी. चार खेळाडू म्हणजे भरपूर. सहा झाले की प्रत्येकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की मोबाइल बाहेर निघतात.

जागा पायाखालची घ्या. कोल्हापूरकराला पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, मग परदेशी किल्ल्याचे नकाशे कशाला धुंडाळायचे? एक सकाळ वही घेऊन फिरून या. अंधारबाव ही विहीर बघा: तीन मजली, तळाला पाणी, आणि तटाबाहेर निसटायला चोरवाट. मग अंबरखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारांकडं जा. गंगा कोठीच्या छतावर दोन बाजूंनी जिने चढतात, आणि वर धान्य ओतायला ठेवलेली भोकं आहेत. आता खेळाडूच्या नजरेनं बघा. दारावर पहारा असेल तर छतावरून दोर सोडता येतो. चोरवाटेनं बाहेर जाता येतं, म्हणजे कुणालातरी आतही येता येतं. ज्या जागेत शिरायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत ती जागा खेळाला चांगली. एकच दार असलेल्या खोलीत खेळाडूंना ठरवण्यासारखं काही उरत नाही.

पन्हाळा म्हटलं की १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आलाच. खेळाला तो फार उत्तम आहे: पाऊस, धुकं, संपत चाललेला दाणागोटा, बाहेर शत्रू. पण महाराज किंवा बाजीप्रभू ही पात्रं खेळाडूंच्या हाती देऊ नका. जुलैमधल्या त्या रात्री काय झालं ते आपल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि त्यावर फासे टाकायला कुणाचा हात धजत नाही. धजूही नये. त्याऐवजी किल्ल्यात अडकलेली साधी माणसं द्या: पाणक्या, मशालजी, तांबट, एखादी सुईण. त्यांचं पुढं काय झालं ते बखरीत नाही, म्हणून ती खरोखर जगू शकतात किंवा मरू शकतात.

आता माणसं. वर्णनं लांबवू नका, प्रत्येकाला काय हवंय तेवढं लिहा. माझ्या पानावरची तिघं सांगते. कोठीवरच्या कारकुनाला वहीतलं धान्य आणि प्रत्यक्षातलं धान्य यातला फरक लपवायचाय. अंधारबावेवरच्या पहारेकऱ्याची म्हातारी आई खाली गावात आजारी आहे, त्याला एका रात्रीसाठी बाहेर जायचंय. तेल विकणाऱ्या बाईला या दोघांचीही गोष्ट माहीत आहे आणि तिला आपल्या मुलांसाठी दाणे हवेत. तिघांच्या गरजा एकमेकांत अडकल्या की खेळाडू कुठूनही शिरले तरी काहीतरी हलतं. शेवटी वेळापत्रक: पहिल्या रात्री पहारेकरी निसटतो, दुसऱ्या दिवशी कोठीची मोजदाद जाहीर होते, तिसऱ्या रात्री चोरवाट शत्रूला कळते. खेळाडूंनी मध्ये पडून हे मोडलं तर मोडू द्या.

जे कळल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही ते एकाच फाशावर टांगू नका. चोरवाट आहे हे पहारेकऱ्याच्या चिखलानं माखलेल्या पायांवरून कळेल, तेलवालीकडून कळेल, किंवा विहिरीत उतरल्यावर दिसेल. तीन वाटा ठेवा.

फाशांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच नवा गेम मास्टर गडबडतो. वीस बाजूंचे फासे नसतील तर अडून बसू नका. घरातले लुडोचे दोन फासे पुरतात. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर संकट वाढतं. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये फत्ते, १५ मध्ये किंमत मोजून, १५ मध्ये संकट. खेळाडूचं पात्र त्या कामात तरबेज असेल तर बेरजेत १ मिळवा. लगेच तेच आकडे १०, १६ आणि १० होतात. एवढ्याशा एकानं किती फरक पडतो बघा, म्हणून खिरापतीसारखे गुण वाटू नका.

मधला निकाल हा या खेळाचा जीव आहे. भाच्याचा मशालजी गंगा कोठीच्या भोकातून दोरानं उतरत होता. "ताई, मी दोर कमरंला बांधतो आन् सुटतो खाली." बेरीज आली ८. उतरला, धान्यात गुडघ्यापर्यंत रुतला, पण मशाल वरच राहिली. आता तो अंधारात आणि उजेड छतावर, पहाऱ्याला दिसेल असा. पुढची अर्धी दुपार त्या मशालीवर गेली.

फासे टाकायला सांगण्याआधी मनात विचारा: हुकलं तर काय होईल? उत्तर "काही नाही" असेल तर फासे खाली ठेवा, काम झालं म्हणून सांगा.

बोलताना आपली भाषा वापरा. प्रत्येक पात्राला बोलायची एक लकब पुरते. माझा कारकून सरळ उत्तर कधीच देत नाही, उलट विचारतो, "कुणी धाडलंय तुला?" आणि गप्प बसणाऱ्याला "तुमचं काय?" असं मोघम विचारू नका. "वहिनी, दिवा तुमच्या हातात आहे, कारकून तुमच्याकडंच बघतोय. काय करताय?" असं विचारा. वहिनी पहिल्यांदा बोलल्या त्या अशाच.

सुरू करण्याआधी दहा मिनिटं काढून कुणाला काय नको ते विचारा. वेढ्यात उपासमार येते, लहान मुलं येतात. एखाद्याला ते सोसत नाही. मध्येच कुणी हात वर केला तर तो प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

भडंग वाटीत, चमच्यानं. तेलकट बोटांनी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, वाचता येत नाही.

तीन तासांवर खेळ ओढू नका. उठण्याआधी सगळ्यांना विचारा, "पुढच्या रविवारी आधी कुठं जाणार?" चोरवाटेनं बाहेर म्हणाले तर गाव तयार करा, कोठीत परत म्हणाले तर मोजदाद. बाकीचं पान कोरं ठेवा.