ठाण्यात माणसं किती, गाड्या किती: इंदूरच्या पोलीसबळाचा हिशेब कसा मागावा

पोलीस कमी पडतात, ही तक्रार इंदुरात पोह्याच्या ठेल्यापासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिचं उत्तरही ठरलेलं असतं: इतकी पदं मंजूर आहेत, इतक्यांची भरती चालू आहे, इतक्या नव्या गाड्या आल्या. यात खोटं काही नसेलही, पण तुमच्या वस्तीत रात्री दोन वाजता कोण येणार हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मंजुरीचा आकडा नव्हे, वापराची नोंद मागावी लागते. ती नोंद ठाण्यात रोज लिहिली जाते आणि माहितीच्या अधिकारात मिळू शकते.

आधी अर्ज कुठे करायचा ते ठरवा, कारण बरेच अर्ज इथेच वाया जातात. पोलीस हा राज्याच्या यादीतला विषय. बळ किती ठेवायचं हे १८६१च्या पोलीस कायद्याच्या कलम २ प्रमाणे राज्य सरकार ठरवतं आणि कलम ३ प्रमाणे देखरेखही त्याचीच. म्हणून नवी पदं आणि पैसा हा भोपाळच्या गृह विभागाचा प्रश्न, जिल्ह्याजिल्ह्यांत वाटप हा पोलीस मुख्यालयाचा, आणि मिळालेल्या बळातून कोणत्या ठाण्याला किती हा इंदूर शहरापुरता पोलीस आयुक्तांचा. आयुक्त प्रणाली इथे ९ डिसेंबर २०२१ पासून आहे. ग्रामीण भागाचे पोलीस अधीक्षक वेगळे. तेव्हा मल्हारगंज, पंढरीनाथ किंवा लसूडिया ठाण्याची माहिती हवी असेल तर अर्ज आयुक्त कार्यालयाच्या लोकसूचना अधिकाऱ्याच्या नावे करावा. चुकीच्या कार्यालयात गेलाच तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे, पण त्यावर विसंबून राहू नये.

अर्ज हिंदीत लिहा आणि शब्द इथले वापरा. पुण्या-मुंबईचे नमुने उतरवून काढले की घोटाळा होतो. तिकडचा पोलीस शिपाई इथे आरक्षक, हवालदार म्हणजे प्रधान आरक्षक, स्टेशन डायरी म्हणजे रोजनामचा, पोलीस लाइन म्हणजे रक्षित केंद्र. गाड्यांचा कारभार एमटी म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट शाखेकडे असतो. मोडीत काढलेल्या गाडीला कार्यालयातही ‘कंडम’च म्हणतात.

मनुष्यबळाबद्दल ‘किती पोलीस आहेत’ असं कधी विचारू नका. चार वेगळे रकाने मागा: स्वीकृत (मंजूर), पदस्थ (नेमलेले), संलग्न (दुसरीकडे जोडलेले) आणि ठरावीक दिवशी प्रत्यक्ष ड्यूटीवर. पहिल्या दोघांतली तफावत म्हणजे रिक्त पदं. ती सगळेच विचारतात. खरी गळती पुढच्या दोन रकान्यांत असते. पदस्थ म्हणून दाखवलेला माणूस दुसऱ्या शाखेत अटॅच असतो, कुणाचा गनमॅन असतो, कोर्टात मुन्शी असतो किंवा समन्स-वॉरंट घेऊन बाहेरगावी गेलेला असतो. कागदावर तो ठाण्याचाच.

मजकूर साधारण असा ठेवा: “थाना ……… में दिनांक ……… की स्थिति में आरक्षक, प्रधान आरक्षक, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक एवं निरीक्षक के स्वीकृत, पदस्थ, रिक्त तथा अन्यत्र संलग्न पदों की पदवार संख्या, संलग्नीकरण आदेशों की प्रति, तथा उक्त दिनांक को दिवस एवं रात्रि ड्यूटी में लगाए गए बल की पदवार संख्या दर्शाने वाले अभिलेख की प्रति।”

यात नाव कुणाचंच मागितलेलं नाही, आणि ते मुद्दाम. माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) नव्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी कडक केलं आहे. नावं मागितली की सगळा अर्ज त्याच कलमाखाली फेटाळायला निमित्त मिळतं. हुद्दा आणि संख्या पुरेशी असते. आदेशांत नावं असली तर कलम १० प्रमाणे ती झाकून प्रत द्या, असंही अर्जातच लिहून टाका.

तारीख निवडताना रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे चित्ररथ लक्षात ठेवा. त्या दिवशी शहरभरातून बळ राजवाड्याच्या बाजूला ओढलं जातं. एक साधा मंगळवार-बुधवार घ्या आणि एक गेरचा दिवस घ्या. दोन्हींची तुलना केली की बंदोबस्ताच्या दिवशी कडेची ठाणी किती माणसांवर चालतात ते दिसतं.

आणखी एक खोच मध्य प्रदेशचीच. २०१६च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर इथल्या पदोन्नत्या अडकल्या, आणि पोलिसांत ‘उच्च पद का प्रभार’ देऊन कार्यवाहक निरीक्षक, कार्यवाहक प्रधान आरक्षक नेमले गेले. म्हणजे मूळ पद खालचं, काम वरचं. अशा माणसाची मोजणी कोणत्या रकान्यात केली ते विचारलं नाही, तर वरची रिक्त पदं भरलेली दिसतात किंवा एकच माणूस दोनदा मोजला जातो. अर्जात ‘कार्यवाहक अलग से दर्शाएँ’ हे चार शब्द घाला.

आकडे हाती आले की भागाकार करा. चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायची तर तीन पाळ्या गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. सुट्ट्या, साक्षी, प्रशिक्षण वजा जाता एक माणूस वर्षाला २७० दिवस मिळतो असं धरलं, तर एका जागेला चार माणसं लागतात. समजा ठाण्यात ६० पदस्थ आहेत. ८ संलग्न आणि ५ लांबच्या रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले तर उरले ४७. त्यांतून कोणत्याही क्षणी हजर असतात अकरा-बारा. त्यातच पहारा, सीसीटीएनएसचा (गुन्ह्यांच्या नोंदींच्या प्रणालीचा) संगणक, वायरलेस, तपास आणि गस्त. आठ तासांऐवजी बारा तासांची पाळी लावली की हाच आकडा वाढलेला दिसतो. म्हणून पाळी किती तासांची हेही विचारून घ्यावं.

गाड्यांत जास्त फसगत होते. ठाण्याबाहेर उभी दिसते ती प्रत्येक गाडी ठाण्याची नसते. तातडीच्या मदतीसाठीची डायल ११२ची गाडी, म्हणजे एफआरव्ही (फर्स्ट रिस्पॉन्स व्हेइकल), राज्यस्तरीय योजनेची असते आणि तिला काम भोपाळच्या नियंत्रण कक्षातून मिळतं. १ नोव्हेंबर २०१५ ला डायल १०० सुरू झालं तेव्हा अशा १,००० गाड्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ११२ झालं आणि १,२०० नव्या आल्या. ही गाडी ठाण्याच्या खात्यात धरली की ठाण्याकडे स्वतःची एकच चालती जीप आहे हे झाकलं जातं. एफआरव्हीची माहिती, म्हणजे कॉल किती, पोहोचायला सरासरी वेळ किती, गाडी बंद किती तास, मुख्यालयाकडे वेगळ्या अर्जाने मागा.

ठाण्याच्या स्वतःच्या गाड्यांसाठी प्रत्येक गाडीचा प्रकार, नोंदणीचं वर्ष, गेल्या तीन महिन्यांत ती किती दिवस ऑफ रोड होती, नेमलेले चालक किती आणि महिन्याची इंधनमर्यादा किती, एवढं मागा. चालकाचा रकाना विसरू नका. वरच्या हिशेबाने एक गाडी चोवीस तास चालवायला चार चालक हवेत. एकच असेल तर ती गाडी दिवसातला तिसरा हिस्साच गाडी आहे. मग एका आठवड्याची लॉगबुक घ्या. निघतानाचं आणि परततानाचं मीटर जुळवा, किलोमीटरला डिझेलने भागा. रात्रगस्तीच्या रोज नेमक्या तेवढ्याच किलोमीटरच्या नोंदी, किंवा एका दिवसाचं शेवटचं मीटर आणि दुसऱ्या दिवसाचं पहिलं मीटर न जुळणं, या दोन खुणा पाहाव्यात. त्यावरून लगेच कुणाला चोर म्हणू नये. मीटर बंद पडलेलं असतं, लॉगबुक आठवड्याने एकदम भरलेली असते. पण प्रश्न विचारायला तेवढं पुरतं.

पंधरा वर्षांच्या नियमाचाही आडोसा घेतला जातो. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. अपवाद आहे तो कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती आणि इतर खास बनावटीच्या गाड्यांना. ठाण्याची साधी जीप त्यात बसवणं कठीण. म्हणून जुनी गाडी यादीत दिसली तर तिची नोंदणी वैध आहे का, आणि कंडम झाली असेल तर तिच्या बदल्यात कोणती आली, हे पुढच्या अर्जात विचारा.

फी दहा रुपये, प्रती पानाला दोन रुपये. उत्तराला ३० दिवस. पानांचे पैसे भरायचं पत्र आलं की भरेपर्यंत घड्याळ थांबतं, त्यामुळे त्याच आठवड्यात भरा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, फी ५० रुपये. तिथेही अडलं तर ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, फी १०० रुपये. नकारात बहुधा सुरक्षेचं किंवा तपासाचं कारण असतं. गस्तीचे आगामी मार्ग किंवा कुणाच्या सुरक्षेतला बंदोबस्त मागितला असेल तर ते कारण योग्यच आहे; उलटून गेलेल्या तारखेच्या हुद्देवार संख्येला ते लागू होत नाही, हे अपिलात एका वाक्यात मांडा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न मात्र टाळा. जे रेकॉर्डवर आहे तेवढंच द्यायचं बंधन आहे, कारणं तयार करून देण्याचं नाही.

कागद हाती आल्यावर ते आमदाराकडे न्या. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत. कोऱ्या कागदावरच्या तक्रारीपेक्षा आकड्यांसह तयार प्रश्न दिला तर तो विधानसभेत विचारला जाण्याची शक्यता जास्त. सरकारचं उत्तर ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ असं आलं तर पाठपुरावा सोडू नका; पुढच्या अधिवेशनात आमदाराला त्याची आठवण करून द्या, आणि सभागृहात दिलेल्या आश्वासनांसाठी विधानसभेची वेगळी समिती असते. ‘पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार’ असेल तर परिशिष्ट आमदारांकरवी मागवा; आकडे तिथेच असतात.

पैशाचा माग अर्थसंकल्पात. मागणी संख्या ३ पोलिसांची. महसुली खर्च २०५५ या शीर्षाखाली, बांधकामासारखा भांडवली ४०५५ खाली. तरतूद वाचून थांबू नये. दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात त्याच ओळीचा ‘वास्तविक’ रकाना बघावा. केंद्राच्या आधुनिकीकरण योजनेत ६० टक्के केंद्राचे आणि ४० राज्याचे, आणि पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. त्या प्रमाणपत्राची प्रत मुख्यालयाकडे मागता येते.

कॅमेऱ्यांची पडताळणी सगळ्यांत सोपी, तरी फारसं कुणी करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि शक्यतो १८ महिने, निदान एक वर्षाचं चित्रीकरण साठवण्याचा आदेश दिला. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हास्तरीय समिती आहे, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्यासोबत शहराचे महापौरही येतात. बैठकांची इतिवृत्तं आणि बंद कॅमेऱ्यांची ठाणेवार यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागा. महापौरांना तर भेटून विचारता येईल, शेवटची बैठक कधी झाली.