मोबाईलवरचे वेब ॲप आखताना : द्राक्षबागेतल्या नोंदवहीपासून सुरुवात

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरच्या (फळासाठीच्या छाटणीनंतरच्या) धावपळीच्या दिवसांत, मी सकाळी सहापासून दहापर्यंत एका बागायतदारांच्या मागे नुसती फिरत होते. निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्याला कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती मात्रेत फवारले याची नोंद ठेवावीच लागते आणि ती नोंद मोबाईलवर ठेवता येईल असे वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्ये लिंकवरून उघडणारे ॲप, मला तयार करायचे होते. लॅपटॉप मी गाडीतच ठेवला होता. ट्रॅक्टरच्या ब्लोअरची टाकी भरली जात असताना त्यांनी काय केले, ते मी वहीत लिहून घेतले : डाव्या हातात औषधाची बाटली, उजव्या हाताचा मोजा दाताने ओढून काढला, बाटलीवरच्या लेबलचा फोटो घेतला, तो व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवला आणि फोन पुन्हा खिशात टाकला. या सगळ्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नसेल. संध्याकाळी मुलगा ते फोटो पाहून वही भरतो, हे मला नंतर कळले.

माझ्या मनात तोवर जो फॉर्म होता, त्यात चौदा रकाने होते. त्या वीस सेकंदांनी ते सगळे मोडीत काढले. नोंद एक असली तरी ती करणारी माणसे दोन होती आणि त्यांच्या वेळाही दोन होत्या. म्हणून बागेतल्या स्क्रीनने फक्त तीन गोष्टी विचारायच्या (प्लॉट, औषधाचा फोटो, किती टाक्या) आणि बाकीचा तपशील संध्याकाळी घरात बसलेल्या माणसासाठी ठेवायचा, असे ठरले. मोबाईलसाठी वेब ॲप आखणाऱ्याने पहिली स्क्रीन काढण्याआधी एक सकाळ अशीच वापरणाऱ्याच्या सोबत घालवावी, असा माझा आग्रह आहे. कार्यालयात बसून घेतलेल्या बैठकीत माणसे आपण काय करतो ते सांगतात, पण मोजा दाताने काढतो हे कोणीही सांगत नाही.

त्या सकाळनंतर एक वाक्य कागदावर लिहावे : कोण, कुठे उभा राहून, कोणता हात मोकळा असताना, किती वेळात, काय करून मोकळा होणार. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी हे वाक्य अगदी वेगळे होईल. त्याला आजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव पाहायचा असतो आणि तोही लिलाव आपल्या वाहनापर्यंत येण्याच्या आत. तिथे ॲप उघडताच तीन आकडे दिसले पाहिजेत. त्याआधी स्वागताचे चित्र, नावनोंदणी किंवा संस्थेच्या अध्यक्षांचा संदेश आला, तर ते ॲप दुसऱ्यांदा उघडले जाणार नाही. एका वाक्यात दोन कामे कोंबावी लागत असतील, तर त्या बहुधा दोन वेगळ्या स्क्रीन असतात.

वेब ॲप की प्ले स्टोअरवरचे ॲप, हा प्रश्न ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतो. ज्यांच्या फोनची साठवणूक फोटो आणि व्हिडिओंनी भरलेली आहे, त्यांना नवीन काही डाऊनलोड करायला सांगणे अवघड असते. वेब ॲपची लिंक मात्र व्हॉट्सॲपवरून पाठवता येते आणि त्यातील दुरुस्ती सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचते. त्याला मर्यादाही आहेत. आयफोनवर वेब ॲपला सूचना पाठवायची सोय आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून मिळाली आणि तीही ॲप होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. ॲपचा सारा भर सूचनांवर असेल, तर हे आधीच विचारात घ्यावे.

कागदावरची आखणी

फोनच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत आणि त्यांवर जाड स्केचपेनने स्क्रीन काढाव्यात. जाड पेनाने बारीक काही काढताच येत नाही, त्यामुळे एका तुकड्यावर चार-पाच गोष्टींहून अधिक मावत नाहीत, हाच त्याचा फायदा आहे. मुख्य बटण अंगठा सहज पोहोचेल तिथे, म्हणजे खालच्या भागात ठेवावे. लिहिण्याचा रकाना असेल, तर पुठ्ठ्याचा खालचा निम्मा भाग हाताने झाकून पाहावा, कारण कीबोर्ड वर आला की उरतो तो फक्त वरचा भाग. त्या उरलेल्या भागात आपण काय लिहीत आहोत ते दिसत नसेल, तर रकान्याची जागा चुकली आहे.

बटणाच्या मापाबद्दल ठरलेली प्रमाणे आहेत. ॲपलची शिफारस ४४ पॉइंटांची, अँड्रॉइडची ४८ डीपीची (ही दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एकके) आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकात किमान २४ सीएसएस पिक्सेलची अट आहे. हे २४ पिक्सेल म्हणजे ज्याच्या खाली जाऊच नये अशी मर्यादा समजावी. ओल्या बोटांनी, सल्फरच्या पावडरीने माखलेल्या अंगठ्याने दाबायचे बटण मी ५६ पिक्सेलचे करते आणि दोन बटणांत मोकळी जागा सोडते. ‘नोंद ठेवा’ आणि ‘काढून टाका’ ही दोन बटणे तर शेजारी-शेजारी ठेवूच नयेत. काढून टाकलेली नोंद काही सेकंद परत आणता येणे, हे ‘तुमची खात्री आहे का’ असे दर वेळी विचारण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

रंगांचा निर्णय सावलीत बसून घेऊ नये. साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ असा रंगभेद असावा, असे मानक सांगते. दुपारच्या उन्हात मात्र मला ७ : १ च्या खाली काहीही नीट वाचता आलेले नाही. रकान्यांच्या आत फिकट राखाडी अक्षरांत सूचना लिहिण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी वाटते, पण उन्हात ती अक्षरे नाहीशी होतात आणि लिहायला सुरुवात केली की सावलीतही नाहीशी होतात. रकान्याचे नाव रकान्याच्या वर, ठळक लिहावे.

मराठी अक्षरांची काळजी

इंग्रजीसाठी काढलेल्या आराखड्यात शेवटी मराठी मजकूर भरला जातो आणि मग स्क्रीन बिघडते, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता पहिल्या पुठ्ठ्यापासूनच मराठी शब्द लिहिते. बटणाची उंची घट्ट बांधून ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, म्हणून उंची मजकुराप्रमाणे वाढू द्यावी आणि दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवण्याची जी सोय इंग्रजी शीर्षकांसाठी वापरतात, ती देवनागरीला लावली तर शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. पानाची भाषा ‘मराठी’ अशी एचटीएमएलमध्ये नोंदवावी. त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते, तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात, शिवाय मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला योग्य उच्चार निवडता येतो. देवनागरी फॉन्टची फाईल जोडाक्षरांमुळे जड असते. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी आधीपासूनच असतो, तेव्हा सजावटीसाठी दुसरा फॉन्ट लादण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, ते पाहावे.

अनेक जण, विशेषतः चाळिशीनंतर, फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवला तरी काहीही झाकले जाऊ नये, याची तपासणी आखणीतच लिहून ठेवावी. दोन बोटांनी स्क्रीन मोठी करण्याची सोय पानाच्या कोडमधील व्ह्यूपोर्टच्या ओळीतून बंद करणे तर निव्वळ अन्याय आहे.

आकड्यांचा एक सापळा सांगायलाच हवा. मराठी कीबोर्डवरून कोणी ‘१२’ असे टाकले, तर वेब ॲप ज्या भाषेत चालते त्या जावास्क्रिप्टला ती संख्या वाटतच नाही आणि प्रामाणिकपणे भरलेला रकाना ‘चुकीचा’ म्हणून परत येतो. देवनागरी अंक आधी बदलून घेणारी दोन ओळींची सोय केली की हा प्रश्न मिटतो. मात्रेच्या रकान्यासाठी दशांशचिन्ह असलेला आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल अशी सूचना द्यावी आणि रकान्यातील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नये, कारण तसे केल्यास आयफोनवरील सफारी रकाना निवडताच पूर्ण पान मोठे करते. औषधाचे नाव टाईप करायला लावणे शक्यतो टाळावे. मॅन्कोझेब हे एकच नाव मी तीन-चार प्रकारे लिहिलेले पाहिले आहे. अलीकडे वापरलेल्या औषधांची छोटी यादी समोर ठेवावी. तारखेसाठीही दिनदर्शिका उघडण्याऐवजी ‘आज’ आणि ‘काल’ ही दोन बटणे बहुतेक वेळा पुरतात. चूक दाखवणारा संदेशसुद्धा माणसाने माणसाला सांगावा तसा असावा. ‘अवैध इनपुट’ वाचून कोणालाच काही कळत नाही, ‘मात्रा लिहायची राहिली आहे’ वाचून लगेच कळते.

रेंज नसते तेव्हा

माझ्या पहिल्या आवृत्तीत बटण दाबल्यावर नोंद थेट सर्व्हरकडे जात असे. बागेच्या पलीकडच्या टोकाला, ओहोळाच्या बाजूला रेंज नव्हती. तिथे बटण दाबल्यावर स्क्रीनवर चक्र फिरत राहिले, बागायतदारांनी फोन खिशात टाकला आणि नोंद कुठेच राहिली नाही. असे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी त्यांनी मला एवढेच सांगितले, ‘‘ताई, त्यापेक्षा वही बरी होती.’’ त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते मला लागले, कारण वही कधीही रेंज मागत नाही.

तेव्हापासून मी क्रम उलटा ठेवते. नोंद आधी फोनमध्येच, ब्राउझरच्या इंडेक्स्ड डीबी या साठवणीत जतन होते आणि मग सवडीने सर्व्हरकडे जाते. ॲपची पाने सर्व्हिस वर्कर या ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीने फोनमध्ये ठेवली जातात, त्यासाठी साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असणे आवश्यक असते. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तीच नोंद रेंजच्या गोंधळात दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हरवर दोन फवारण्या दिसत नाहीत. नोंद केल्याची वेळ आणि ती पोहोचल्याची वेळ वेगळी ठेवावी. स्क्रीनवर ‘फोनमध्ये ठेवली’ आणि ‘पाठवली’ अशा दोन स्पष्ट खुणा असाव्यात, कारण माणसाला फोन खिशात टाकण्याआधी खात्री हवी असते. ॲप समोर उघडे नसतानाही नोंद मागल्या मागे पाठवण्याची क्रोममधील सोय सफारीत नाही, म्हणून ॲप पुन्हा उघडताच राहिलेल्या नोंदी पाठवल्या जाव्यात. शिवाय सात दिवस साइट वापरलीच नाही, तर सफारी अशी साठवण पुसून टाकू शकते. होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपला हा नियम लागू होत नाही, तेव्हा आयफोनधारकांना ते ठेवायला पहिल्याच दिवशी मदत करावी.

पेठ-सुरगाण्याच्या घाटवाटांवर रेंज नसतेच, पण भर शहरातही तिच्यावर विसंबता येत नाही. सिंहस्थात रामकुंडावर लाखो माणसे एकत्र आली की टॉवर असूनही नेट अडखळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी जे कोणी घाट, पार्किंग किंवा हरवलेल्या व्यक्तींविषयीची वेब ॲप आखत असतील, त्यांनी नकाशा आणि महत्त्वाचे क्रमांक भाविक शहरात शिरण्यापूर्वीच फोनमध्ये उतरतील अशी रचना करावी.

वेगाची मापे आखणीच्या कागदावरच लिहावीत. गूगलच्या निकषांनुसार पानातील मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पानातील मजकूर जागेवरून सरकण्याचे माप ०.१ च्या आत राहावे. चारपैकी तीन भेटींमध्ये तरी हे साधले पाहिजे. शेवटचे माप अनेक जण दुर्लक्षितात. हवामानाची पट्टी उशिरा आली, खालची बटणे तेवढी सरकली आणि एका प्लॉटची नोंद शेजारच्या प्लॉटवर पडली, असे चाचणीत माझ्या डोळ्यांसमोर झाले. उशिरा येणाऱ्या गोष्टीसाठी जागा आधीच राखून ठेवावी. लेबलचा फोटो पाठवण्यापूर्वी फोनमध्येच लहान करावा, मात्र बारीक अक्षरे वाचता येतील इतपत.

चाचणी स्वस्त आणि दोन-तीन वर्षे जुन्या फोनवर, खुद्द त्या जागी घ्यावी. पाच-सहा माणसे पुरतात. काम सांगावे आणि गप्प बसावे, हे गप्प बसणेच सर्वांत कठीण असते. आमच्या चाचणीत सगळे जण पहिल्याच स्क्रीनवर अडले, कारण मी प्लॉटना १, २, ३ असे क्रमांक दिले होते. घरात त्यांना ‘विहिरीवरचा’, ‘रस्त्याकडचा’ आणि ‘नवा’ म्हणतात. नावे बदलल्यावर कोणीही थांबले नाही. काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे अंतर) किती दिवसांचा, हे सांगणाऱ्या ओळीचेही असेच झाले. दिवसांचा आकडा वाचून प्रत्येक जण बोटांवर मोजू लागला, म्हणून आता तिथे ‘या तारखेनंतर काढणी’ असे लिहून थेट तारीखच येते.

ॲप वापरात आल्यावर बदल केव्हा करायचे, हेही आखणीतच ठरवून ठेवावे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणी संपेपर्यंत आम्ही बटणांची जागा हलवत नाही. अंगठ्याला झालेली सवय ऐन फवारणीत मोडली, तर नोंद चुकते. या काळात फक्त दोष दुरुस्त होतात. सुचलेल्या सुधारणा वहीत लिहून ठेवायच्या आणि एप्रिलची खरड छाटणी आटोपून पाऊस सुरू झाला की बागायतदारांच्या घरी जाऊन, नवीन स्क्रीन त्यांच्या हातात देऊन, पुन्हा एकदा गप्प बसायचे.