लहान मुलाचा वाढदिवस कमी खर्चात: तयारीची यादी, आणि संपायची वेळ लिहा

सगळ्यात आधी, बजेट ठरवायच्याही आधी, थीम वगैरे तर लांबच राहिली, एक गोष्ट ठरवून कागदावर लिहून टाका: पार्टी किती वाजता संपणार. सुरू किती वाजता होणार हे सगळेच लिहितात, त्याला यादी लागत नाही. संपायची वेळ कोणी लिहीत नाही. गेल्या वेळी आमच्याकडे हेच राहिलं आणि ठरवलेल्या पैशांचे बारा वाजले ते केकमुळे नाही, डेकोरेशनमुळे नाही, ह्या न लिहिलेल्या एका वेळेमुळे.

कसं होतं बघा. तुम्ही मेसेज टाकता, ५ वाजता या. तुमच्या डोक्यात ५ ते ७. समोरच्याच्या डोक्यात संध्याकाळचा कार्यक्रम. कोणी ५ ला येतं, कोणी पावणेसहाला, आणि ते अमके अजून आले नाहीत मग केक कसा कापायचा म्हणून सगळे ताटकळत बसतात. केक कापेपर्यंत साडेसहा. सात वाजले की पेच सुरू. पाहुण्यांना वाटतं जेवणाचं काहीतरी असेल, लगेच उठलो तर बरं दिसणार नाही. तुम्हाला वाटतं आता निघतीलच. कोणीच काही बोलत नाही. एक आई पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसलीय, तिचं मूल क्रीमचे हात तिच्या बाहीला पुसतंय, उत्सवमूर्ती टेबलाखाली शिरून भोकाड पसरून बसलीय, आणि तुम्ही आतल्या खोलीत दबक्या आवाजात फोनवर पंधरा-वीस जणांचं जेवण मागवताय. त्या एका फोनमध्ये बाकी सगळ्या पार्टीएवढा खर्च होतो. जागा भाड्याची असेल तर वरच्या तासाचे पैसे वेगळेच. म्हणून, संपायची वेळ. "४ ते साडेपाच" असं. "४ पासून" नाही, "४ च्या सुमारास" नाही.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना दीड तास खूप झाला, चार ते सहा वर्षांच्यांना दोन तास. त्यापुढे मुलं एकतर रडतात नाहीतर भिंतीवर चढतात, मजा कोणालाच येत नाही. आणि वेळ निवडताना दोन जेवणांच्या मधली निवडा, म्हणजे नुसता केक आणि थोडं खाणं दिलं तरी कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात, कागदी झिरमिळ्या स्वतः कापण्यात नाही. फक्त तुमच्या मुलाची दुपारची झोप आधी होऊ दे, झोप मोडून उठवलेलं मूल आणि मेणबत्त्या हे समीकरण जमत नाही.

आता बजेट. एकच आकडा ठरवा आणि त्यातला दहावा भाग बाजूला काढून त्याला हात लावू नका, तो शेवटच्या दिवशी आपोआप जातो. मग माणसं मोजा. वय अधिक एक इतकी पाहुणी मुलं असा एक जुना ठोकताळा आहे, तीन वर्षांच्या मुलाला चार पाहुणे. ऐकायला कमी वाटतं पण ह्या वयात प्रत्येक मुलामागे किमान एक मोठं माणूस येतं, आणि धाकटं भावंडं कडेवर येतं ते वेगळंच. चार बोलावलेत म्हणजे दहा-बारा जणांची सोय धरा. यादी छोटी ठेवल्याने कोण रुसेल ह्याची काळजी तुम्हाला असते, तीन वर्षांच्या मुलाला नाही. पूर्ण वर्ग बोलवायचा किंवा अगदी जवळचे चारच बोलवायचे, अर्धा वर्ग बोलावू नका, बाकीच्या अर्ध्यांना कळतंच.

जागा: घर किंवा बाग. बागेत करणार असाल तर परवानगी लागते का, टॉयलेट कुठे आहे आणि पाऊस आला तर काय, एवढं बघून ठेवा. हॉल घेणार असाल तर भाड्यात सजावट करायचा आणि आवरायचा वेळ धरलाय का ते लेखी विचारा. बऱ्याचदा धरलेला नसतो, म्हणजे दोन तासांचा हॉल घेतला तर पार्टी प्रत्यक्षात सव्वा तासाची होते. तिथेही पुन्हा तेच, संपायची वेळ तुम्हालाच माहीत नसेल तर हॉलवाल्याला काय सांगणार.

आमंत्रण. छापू नका, मेसेज पुरतो. त्यात काय हवं: मुलाचं नाव, तारीख, पत्ता, सुरू व्हायची वेळ, आणि संपायची वेळ. आलं का? पुन्हा वाचून बघा, पाठवायच्या आधी. "संपायची वेळ लिहिली तर लोकांना वाटेल आम्ही हाकलतोय" असं घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल, त्यांना म्हणावं उलट आहे, छोटी मुलं असलेल्या आईबापांना कधी सुटका होणार हे कळलं की हायसं वाटतं, गाडी बोलवायची असते, दुसऱ्या मुलाला क्लासवरून आणायचं असतं. फारच अवघड वाटत असेल तर "साडेपाचला रिटर्न गिफ्ट देऊन मुलांना टाटा करू" असं लिहा, अर्थ तोच. त्याच मेसेजमध्ये आणखी तीन प्रश्न. मुलाला कशाची ॲलर्जी आहे का (शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडं हे तर नाव घेऊन विचारा, नुसतं ॲलर्जी म्हटलं की लोक नाही म्हणून मोकळे होतात आणि दारात आल्यावर सांगतात). भावंडं येणार का. आणि अमुक तारखेपर्यंत कळवा. न कळवणाऱ्यांना एकदा फोन करा, संकोच कसला, त्या उत्तरावर केकचं वजन ठरतं.

खाणं कमीच ठेवा. मुलं खात नाहीत, ती खेळतात आणि केकवरचं क्रीम चाटतात. एक गोड, एक तिखटमिठाचं, एक फळ आणि पाणी भरपूर. हाताने उचलून एका घासात संपेल असं, म्हणजे चमचे-वाट्यांचाही खर्च नाही. इथे मात्र एक गोष्ट कंजुषी म्हणून नाही तर भीती म्हणून सांगते: चार-पाच वर्षांखालच्या मुलांसमोर अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे किंवा काजू-बदाम, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या ठेवू नका. घशात अडकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून चार फोडी करा, आडवी अर्धी केली तर गोल तसाच राहतो. आणि दुधाक्रीमचे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, कडक उन्हाळा असेल तर एकच तास. वेळेवर न संपणाऱ्या पार्टीत हा नियम पहिला मोडतो, बघा, परत तिथेच आलो.

केक. दुमजली केक मोठ्यांच्या फोटोसाठी असतो. आठ इंची गोल केक त्रिकोणी न कापता उभा-आडवा कापला तर मुलांच्या हातात मावतील असे वीसेक तुकडे निघतात. घरी करणार असाल तर साधा स्पंज आधीच भाजून, पूर्ण गार करून, घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, आदल्या दिवशी बाहेर काढून आयसिंग करा, उलट थंड स्पंजवर क्रीम लावणं सोपं जातं. पहिला वाढदिवस असेल तर बाळाला वर्ष पूर्ण व्हायच्या आधी मध चालत नाही हे लक्षात असू द्या, आणि पाहुण्यांत वर्षाखालचं बाळ असेल तर त्यालाही हेच. मेणबत्त्या, काडेपेटी, सुरी. पुढे.

डेकोरेशनमध्ये एकच भिंत सजवा, जिच्यासमोर केक कापणार ती. बाकी घर कोणी बघत नाही. हेलियमच्या नादी लागू नका, महाग असतोच आणि नेहमीच्या आकाराचा रबरी फुगा हेलियमवर साधारण अर्धा ते एक दिवसच तरंगतो, म्हणजे आदल्या रात्री भरून ठेवायचीही सोय नाही. साध्या हवेचे फुगे आदल्या संध्याकाळी फुगवून भिंतीला लावले तर छान टिकतात. हातपंप घ्या, तोंडाने पन्नास फुगे फुगवून दुसऱ्या दिवशी गाल दुखतात. उन्हात ठेवू नका. आणि न फुगवलेले फुगे मुलांच्या हाती लागेल असे ठेवायचे नाहीत, फुटलेल्याचे तुकडे लगेच उचलायचे. मुलं तो रबराचा तुकडा तोंडावर ताणून आत ओढतात, तो पातळ, ओलसर तुकडा श्वासनलिकेवर असा चिकटतो की बाहेर काढता येत नाही. फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापलेला असतो तो उगाच नाही. एका मोठ्या माणसाला हेच काम द्या, फुगा फुटला की तुकडे गोळा करणं, दुसरं काही नाही.

खेळ. जादूगार, टॅटूवाला, उड्या मारायचा हवेचा किल्ला, ह्यातलं ह्या वयाला काहीही गरजेचं नाही. तीन वर्षांची मुलं तर जादूगाराला घाबरूनही रडतात. दोन-तीन मोठे रिकामे खोके आणि खडू द्या, अर्धा तास त्यात जातो. संगीत खुर्ची खेळणार असाल तर मुलांना आऊट करू नका, खुर्च्या कमी करत जा आणि उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं, नाहीतर आऊट झालेली सगळी मुलं कोपऱ्यात रडत उभी राहतात. साबणाचे फुगे बाहेर अंगणात, घरात फरशी निसरडी होते. बक्षीस सगळ्यांना सारखं.

आता वेळापत्रक, आणि हे उलटं करायचं, शेवटाकडून. साडेपाचला संपायचं, तर सव्वापाचला रिटर्न गिफ्ट हातात, पाच वाजता केक, पावणेपाचला खाणं, ४ ते पावणेपाच खेळ. केकसाठी कोणाचीही वाट बघायची नाही, अगदी सख्ख्या काकाचीही. हे लिहून फ्रिजवर चिकटवा आणि पाचला पाच कमी असताना "चला केक" असं ओरडायची जबाबदारी अशा माणसाला द्या ज्याला भीड नाही. प्रत्येक घरात असा एक असतोच. केक शेवटी ठेवायचं कारण हेच की केक खाल्ला की लोकांना आपोआप उठावंसं वाटतं. केक आधी कापला तर मग पुढे काय, ह्या प्रश्नाचं उत्तर जेवण असतं.

रिटर्न गिफ्ट: एकच वस्तू, वापरात येणारी. पाच स्वस्त प्लास्टिकच्या वस्तूंची पिशवी देऊ नका, त्या दारापर्यंत मोडतात. पेटणारी, वाजणारी खेळणी असतील तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघा. बटणासारखा छोटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. झाकण नखाने उघडत असेल तर ते खेळणं नको. एक-दोन गिफ्ट जास्तीची ठेवा, भावंडांसाठी.

आदल्या दिवशी: फोन चार्ज, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, ओले वाइप्स, जुनं फडकं, प्रथमोपचाराचा डबा, महागाच्या वस्तू आणि औषधं वरच्या कपाटात, एक खोली बंद. आणि सगळ्यांना आठवणीचा मेसेज, त्यात परत संपायची वेळ, हो परत, पहिला मेसेज कोणाला आठवतोय.

त्या दिवशी: स्वतः काहीतरी खाऊन घ्या. फोटो काढायचं काम एकालाच द्या. भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडू नका, भांडणं होतात, रात्री उघडताना कोणी काय दिलं ते लिहीत जा. संपायच्या वेळेला म्युझिक बंद, दिवे सगळे लावा, दार उघडं.

नंतर: उरलेला केक डब्यात फ्रिजमध्ये, आभाराचा मेसेज दुसऱ्या दिवशी, अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या आणि "हॅपी बर्थडे"ची माळ पुढच्या वर्षासाठी पिशवीत. भिंतीवरचे फुगे मुलं झोपल्यावर कात्रीने गाठीजवळ हळूच कापून हवा सोडा, आणि सोफ्याखाली एकदा झाडू फिरवा, तुकडे तिथेच जातात.