झाडभर लिंबं: आधी साल, मग रस

लिंबाचं झाड हप्त्याहप्त्याने देत नाही. फळ धरलं की टोपल्याच्या टोपल्या एकदम येतात, आणि सरबत पिऊन पिऊन माणूस किती पिणार? अशा वेळी बहुतेकजण भराभर रस काढून ठेवतात आणि साली फेकून देतात. म्हणजे लिंबाचा अर्धा ऐवज कचऱ्यात जातो. लिंबाचा वास सालीच्या पिवळ्या थरातल्या तेलात असतो. साल बोटांत दुमडली की जो बारीक फवारा उडतो, तेच ते तेल. रसात असतो तो मुख्यतः आंबटपणा, आणि कडूपणा सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत. केक फसो की सरबत कडू होवो, कारण बहुतेक वेळा या तिघांची सरमिसळ हेच निघतं.

तोडणं आणि साठवणं

लिंबं ओढून तोडू नका. ओढलं की देठापाशी साल फाटते आणि हिरवी बुरशी तिथूनच शिरते. कात्रीने देठाचं बारीक बोंड फळावर ठेवून कापा. घाई नसेल तर पिकलेली लिंबं काही आठवडे झाडावरच राहू द्यावीत, टोपलीपेक्षा तिथे ती जास्त टिकतात. फार उशीर केला मात्र तर साल जाड आणि भुसभुशीत होते, रस आटतो.

घरात आणल्यावर निवडून दोन वाटे करा. वाऱ्याने घासून साल खरबरीत झाली असेल तर बिघडत नाही. मऊ, ओलसर डाग असलेलं लिंबू मात्र लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारची चार लिंबं तेच नासवेल. चांगली लिंबं न धुता, कोरडी, घट्ट बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार आठवडे सहज राहतात. उघडी ठेवली की सालीतून पाणी उडून ती दगडासारखी होतात. धुवायची ती वापरायच्या वेळी, कोमट पाण्यात ब्रशने घासून. झाडावर औषध मारलं असेल तर डब्यावर लिहिलेली मुदत उलटेपर्यंत साल खाण्यात आणू नका.

किसणं, पिळणं, गोठवणं

पिळलेल्या लिंबाची साल किसणं म्हणजे बोटं किसून घेणं. म्हणून अख्खं लिंबू आधी किसा. बारीक दातांची किसणी घ्या, एका जागी एकदाच फिरवा आणि लिंबू वळवत राहा. पांढरं दिसायला लागलं की थांबा. किसणी भांड्यावर धरून खालून साल पडू देण्यापेक्षा किसणी उलटी धरून लिंबावरून फिरवली तर कीस तिच्या पाठीवर साचतो आणि किती झाला ते दिसतं. मध्यम लिंबाचा अंदाजे दीड ते तीन चहाचे चमचे कीस निघतो.

रसासाठी लिंबं फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा आणि आडवी कापा. पिळताना शेवटच्या थेंबासाठी जीव काढू नका. फार दाबलं की पांढऱ्या भागातला आणि बियांतला कडवटपणा रसात उतरतो. तो लगेच जाणवत नाही, रस काही तास उभा राहिला की चढतो. बिया लगेच गाळून टाका. किलोभर लिंबांतून साधारण 350 ते 400 मिली रस मिळतो. फळ लहान-मोठं असतं, त्यामुळे पुढची मापं शक्यतो नगावर न देता मिलीत दिली आहेत.

रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका कप्प्यात 15 मिली म्हणजे एक मोठा चमचा मोजून घातलात तर नंतर मोजमाप सोपं जातं. गोठलेले खडे पिशवीत भरून, हवा काढून ठेवा. उघड्या ट्रेमध्ये ते फ्रीजरमधला सगळा वास ओढून घेतात. तीन-चार महिने चव चांगली राहते. कीससुद्धा छोट्या पुड्या करून गोठवता येतो आणि वितळवायची वाट न बघता थेट पिठात जातो.

दोन सूचना, दोन्ही महत्त्वाच्या. रस शिजवायला किंवा साठवायला स्टील, काच किंवा तामचिनीचं भांडं घ्या. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ आम्लाने झिजतं आणि पदार्थाला धातूची चव येते. आणि ढीगभर लिंबं उन्हात बसून सोलू-पिळू नका. सालीतल्या काही द्रव्यांमुळे, रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर चट्टे उठतात, कधी फोडही येतात. काम झालं की हात साबणाने धुवा.

केक: वास पिठात, आंबटपणा वरून

केक आंबट व्हावा म्हणून पिठात रसावर रस ओतणं ही नेहमीची चूक. पिठातला सोडा रसातलं आम्ल मारून टाकतो, ओल वाढून केक दडस होतो आणि एवढं करून लिंबाची चव फिकीच. पिठात भरपूर साल घाला, रस भाजून झाल्यावर पाजा.

23 × 13 सेंमीच्या लोफ टिनसाठी: मैदा 200 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, साखर 200 ग्रॅम, चार लिंबांची किसलेली साल, मऊ बिनमिठाचं लोणी 120 ग्रॅम, अंडी 3, घट्ट दही 120 ग्रॅम, रस 15 मिली.

साखरेत सालीचा कीस घालून बोटांनी दोन मिनिटं चोळा. साखर ओलसर, पिवळसर झाली आणि वास घरभर सुटला म्हणजे तेल सालीतून साखरेत आलं. ही दोन मिनिटं वाचवू नका. मग लोणी घालून मिश्रण फिकट, हलकं होईपर्यंत चार-पाच मिनिटं फेटा. अंडी एकेक करून घाला. ती फ्रिजमधली गार असली तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. चमचाभर मैदा घातला की जुळून येतं. मैदा, पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळा. दह्यात रस मिसळा. आता मैदा आणि दही आलटून पालटून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. ओव्हन आधीच 170 अंशांवर तापलेला हवा, कारण दह्याचं आम्ल आणि सोडा भेटताक्षणी बुडबुडे सुरू होतात. पीठ अर्धा तास वाट बघत बसलं तर फुगण्याची ताकद तिथेच संपते.

50 ते 55 मिनिटं भाजा. पहिली 35 मिनिटं दार उघडू नका. मधोमध काडी घालून कोरडी निघाली की बाहेर काढा. रस 60 मिली आणि साखर 60 ग्रॅम एवढ्यात साखर विरघळेल इतपतच कोमट करा, उकळू नका. केक दहा मिनिटांनी, गरम असतानाच, काडीने जागोजागी टोचा आणि हा पाक चमच्या-चमच्याने, कडांनाही पोचेल असा घाला. मधोमध एकदम ओतलात तर तळाशी चिकट थर बसतो. पूर्ण गार झाल्यावर, हवं तर, 100 ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये 15 ते 20 मिली रस घालून वरून ओघळू द्या. केक कोमट असताना हे केलं तर सगळं वितळून ताटलीत जमा होतं.

मध्यभागी बसलेला केक म्हणजे बेकिंग पावडर जास्त किंवा दार लवकर उघडलं गेलं. साबणासारखी चव आली, रंग गडद झाला, तर सोडा जास्त पडला. सोडा चमचा सपाट करूनच घ्या.

अंड्याशिवाय हवा असेल तर प्रमाण वेगळं धरा, वरच्यातून नुसती अंडी वगळून चालणार नाही. 240 ग्रॅम दह्यात 150 ग्रॅम साखर (साल चोळलेली) विरघळवा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं फसफसू द्या. मग 120 मिली वास नसलेलं तेल, शेवटी 190 ग्रॅम चाळलेला मैदा. 20 सेंमीच्या गोल टिनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. वरचा पाक याला निम्माच पुरतो, हा केक मुळातच ओलसर असतो.

बिस्किटं

इथे रस अजिबात नको, साल तेवढी. 200 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम पिठीसाखर, तीन लिंबांची साल, चिमूटभर मीठ, 300 ग्रॅम मैदा. हलक्या हाताने गोळा करा, दंडगोल वळा, फ्रिजमध्ये तासभर घट्ट होऊ द्या. 8 मिमी जाडीच्या चकत्या, 160 अंशांवर 16 ते 18 मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. दंडगोल तसाच दोन महिने फ्रीजरमध्ये राहतो.

लेमन कर्ड

नावात कर्ड असलं तरी हे दही नव्हे, अंडी आणि लोणी घालून दाट शिजवलेला लिंबाचा आंबटगोड लेप. रस खपवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि बिघडायलाही. रस 120 मिली, साखर 150 ग्रॅम, दोन अख्खी अंडी आणि दोन पिवळे बलक, तीन लिंबांची साल, लोणी 90 ग्रॅम. अंडी, बलक आणि साखर एकत्र करून लगेच ढवळा. बलकावर साखर पडून राहिली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. रस आणि साल घाला. पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवा, त्यावर वाडगा ठेवा, पण त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. सतत ढवळत राहा, विशेषतः कडेने. दहा मिनिटांच्या आसपास मिश्रण दाट होतं: चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की रेघ तशीच राहते. थर्मामीटर असेल तर 76-77 अंशांना उतरवा. 80 च्या पुढे गेलं की अंड्याचे कण धरायला लागतात. तसं झालंच तर ताबडतोब उतरवून गाळा, बरंचसं वाचतं. उतरवल्यावर लोण्याचे तुकडे घालून ढवळा, बारीक चाळणीतून गाळा. गार होताना आणखी घट्ट होतं, म्हणून पातळ वाटलं तरी आणखी शिजवत बसू नका. स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने.

बिनअंड्याचं करताना कॉर्नफ्लॉवरवर भिस्त असते, आणि आम्लात फार वेळ शिजलं की त्याची खळ सैल पडते. म्हणून 25 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, 130 ग्रॅम साखर आणि 150 मिली पाणी आधी शिजवून, उकळी आल्यावर मिनिटभर ढवळून घट्ट करा. खाली उतरवून मगच 100 मिली रस, साल आणि 40 ग्रॅम लोणी घाला.

प्यायचं

झटपट सरबताचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एक भाग रस, एक भाग साखरेचा पाक (साखर आणि पाणी समसमान), चार भाग पाणी. कोमट असताना गोडी बरोबर लागली तर गार झाल्यावर कमी पडेल, कारण थंडीत जिभेला गोड कमी कळतं. चिमूटभर मीठ कडवटपणा झाकतं.

पण ढीग खपवायचा तर सालीसकट मुरवलेला पाक करून ठेवा. आठ लिंबांची साल सोलाण्याने पातळ काढा, पांढरं राहिलं असेल तर सुरीने खरवडा. 400 ग्रॅम साखरेत ती चुरा आणि झाकून 12 तास ठेवा. साखर सालीतलं तेल आणि पाणी ओढून घेते, तळाशी सुगंधी ओलावा साचतो. त्यावर 400 मिली ताजा रस ओता आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. गॅसवर ठेवायचं नाही. रस उकळला की ताजा वास उडतो आणि शिळी, शिजकट चव मागे राहते. गाळून, उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेल्या बाटलीत भरा. ग्लासात 40 मिली पाक, 200 मिली पाणी. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे. याहून जास्त टिकवायचा तर गोठवा, कारण एवढी साखर बाहेर ठेवण्याइतकी पुरेशी नाही. बाटली उघडताना फुस्स झालं, बुडबुडे दिसले, तर पाक आंबला आहे; टाकून द्या. सोड्याबरोबर घेताना पाक आधी आणि सोडा नंतर, ग्लासाच्या कडेने हळू ओता. रसात गराचे कण राहिले तर फेस उतू जातो.

बार्लीचं पाणीही या दिवसांत करून बघण्यासारखं. 100 ग्रॅम बार्ली धुऊन दीड लिटर पाण्यात अर्धा तास मंद शिजवा, गाळा. गरम पाण्यात दोन लिंबांच्या सोललेल्या साली टाका आणि दहा मिनिटांनी आठवणीने काढा, राहिल्या तर कडू होतं. कोमट झाल्यावर 100 मिली रस, 90 ग्रॅम साखर. तीन दिवसांत संपवा.

उरलेल्या साली

पिळलेल्या अर्ध्या सालींमधला पापुद्रा चमच्याने खरवडून काढा, अर्धा सेंमी जाडीच्या पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटं ठेवा, पाणी फेका. असं तीनदा. पट्टी नखाने सहज तुटली पाहिजे. ती मऊ व्हायच्या आत पाकात टाकली तर पुढे कितीही शिजवा, चिवटच राहते. 200 ग्रॅम पट्ट्यांना 300 ग्रॅम साखर आणि 300 मिली पाणी. सगळ्यात मंद आचेवर 45 ते 60 मिनिटं, पट्ट्या पारदर्शक होईपर्यंत. ढवळत बसू नका, साखर खडे धरते. जाळीवर दिवसभर वाळवून साखरेत घोळवा. केकमध्ये घालायच्या असतील तर घोळवू नका, नुसत्या बारीक चिरा. भांड्यात उरलेला पाक किंचित कडसर आणि फार सुगंधी असतो, तो बिनसाखरेच्या गार चहात छान लागतो.