साथीच्या काळात कंपनी राजीनामा मागते तेव्हा

कारखाना बंद, ऑर्डर नाहीत, आणि ऑफिसातून निरोप येतो: "एकदा येऊन राजीनामा लिहून द्या. हिशोब लगेच करू, परिस्थिती सुधारली की परत घेऊ." २०२० च्या टाळेबंदीत हा निरोप कितीतरी कामगारांना आला. पुढची साथ आली तर पुन्हा येईल. त्या कागदावर सही करू नका. का, ते आकड्यांतच पाहा.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये आहेत आणि सलग नोकरी ६ वर्षांची आहे. कंपनीने स्वतःहून कमी केलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत कपात केली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी १८,००० रुपये द्यावे लागतात. दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे ९,००० गुणिले ६, झाले ५४,०००. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्याने नवं काम शिकावं यासाठीचा निधी) १५ दिवसांचे ९,००० रुपये ४५ दिवसांत खात्यात यायला हवेत. एकूण ८१,०००. राजीनामा दिलात की यातला एक रुपयाही मागता येत नाही. ग्रॅच्युइटी (१८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६, म्हणजे साधारण ६२,३०८ रुपये) राजीनामा दिला तरी मिळते, आणि नेमकी तीच 'हिशोब' म्हणून पुढे करून बाकीच्यावर पाणी सोडायला लावलं जातं. 'परत घेऊ' या शब्दाचंही तसंच. वर्षभरात पुन्हा भरती झाली तर आधी बोलावण्याचं बंधन कपात झालेल्यांसाठी आहे, राजीनामा दिलेल्यांसाठी नाही.

दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहा: 'आज माझ्याकडून दबावाने राजीनामा लिहून घेतला, तो मी मागे घेत आहे.' मग तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. राजीनामा मंजूर होऊन लागू होण्याआधी तो मागे घेता येतो, म्हणून इथे तासांना महत्त्व आहे.

तुमचं नेमकं काय झालंय?

'घरी बसवलं' एवढ्याने भागत नाही. ले-ऑफ, पगारकपात आणि नोकरीवरून कपात या तिन्हींचे पैसे वेगळे, नियम वेगळे. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रम संहिता (वेतन संहिता त्यांतलीच एक) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. पुढचे नियम त्यांतले आहेत.

काम बंद पण नाव मस्टरवर आहे, हा ले-ऑफ. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, वर्षभराची सलग नोकरी (प्रत्यक्ष २४० दिवस) झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचा निम्मा मूळ पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. बदली (दुसऱ्याच्या जागी येणारे) आणि नैमित्तिक कामगार यातून बाहेर राहतात. ३०० किंवा अधिक कामगार असतील तर ले-ऑफसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. साथ ही नैसर्गिक आपत्ती आहे, परवानगी लागत नाही, असं मालक म्हणेल. ते मान्य केलं तरी टळते ती परवानगी, भरपाई टळत नाही.

ले-ऑफमध्ये दोन ठिकाणी कामगार फसतो. पहिलं म्हणजे हजेरी. भरपाई हवी असेल तर ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा हजर राहावं लागतं. टाळेबंदीत रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, आणि नंतर कंपनी म्हणते, "हे आलेच नाहीत." म्हणून बंद झाल्याच्या पहिल्याच दिवशी हा मजकूर पाठवा आणि दर आठवड्याला पुन्हा पाठवत राहा:

'दि. ... पासून कंपनी बंद आहे. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. हजेरीची वेळ व प्रवेशाची व्यवस्था कळवावी. माझे नाव मस्टरवर चालू ठेवावे व देय भरपाई खात्यात जमा करावी.'

दुसरं म्हणजे ४५ दिवस. बारा महिन्यांत ४५ दिवसांपुढची भरपाई आपोआप थांबत नाही, तसा करार असेल तरच थांबते. तो करार साध्या फॉर्मसारखा सहीला समोर येतो, म्हणून वाचल्याशिवाय सही नको.

काम चालू आहे पण पगार कमी केला, तर विचारा: नोटीस कुठे आहे? कामगाराचं वेतन किंवा कामाचे तास बदलायचे असतील तर २१ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीसबोर्डावर 'पुढील आदेशापर्यंत ३० टक्के कपात' असं लिहून एप्रिलपासून कापणं ही नोटीस नव्हे.

पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिना १८,००० हून अधिक पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे वरची भरपाई त्याला लागू नाही. पदनाम 'सुपरवायझर' असलं तरी प्रत्यक्षात तुम्ही मशीन चालवत असाल तर पाहिलं जातं ते काम. थकलेल्या पगाराची मागणी मात्र सगळ्यांनाच करता येते, कारण वेतन संहितेला पगाराची मर्यादा नाही.

सरकारी आदेशावर विसंबताना

२०२० मध्ये इथेच सर्वांत मोठा गोंधळ झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आदेश काढला, की बंदच्या काळातलं वेतन कपात न करता द्यावं. तो १८ मेपासून उठला. १२ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० दिवसांच्या पगाराबद्दल मालक-कामगारांनी वाटाघाट करावी, कामगार खात्याने मदत करावी, आणि मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. आदेशाची प्रत मोबाइलमध्ये ठेवून वाट पाहत बसलेल्यांच्या हाती त्यामुळे वाटाघाटीचा हक्क उरला. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२० मध्ये तुळजाभवानी मंदिर संस्थानाच्या कंत्राटी कामगारांबाबत, अशा असाधारण परिस्थितीत 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व लावता येत नाही असं म्हटलं. अन्न आणि प्रवास भत्ता वगळून वेतन द्यायला सांगितलं.

म्हणून कोणताही आदेश हाती आला की कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून ठेवा. आणि मागणी आदेश लागू असतानाच करा.

जादा कामाचंही तसंच. गुजरात सरकारने साथीचं कारण देऊन कारखान्यांना तासांच्या आणि दुप्पट ओव्हरटाइमच्या नियमांतून सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या महिन्यांचा ओव्हरटाइम द्यायला लावला. ज्याच्याकडे तासांची नोंद असते त्यालाच अशा निकालाचा उपयोग होतो. रोज आत-बाहेरची वेळ डायरीत लिहा.

पगार थकला तर

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. कामावरून काढलं किंवा कंपनीच बंद झाली, तर सगळं वेतन दोन कामाच्या दिवसांत.

आधी कागद गोळा करा: नेमणूक पत्र, ओळखपत्र, शेवटच्या सहा पगार चिठ्ठ्या, बँकेचा उतारा, पीएफ पासबुक, सुपरवायझरचे शिफ्टचे मेसेज. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकण्याआधी ती चॅट सेव्ह करून स्वतःलाच ईमेल करा. नेमणूक पत्र नसेल तर खचू नका. पीएफ पासबुकात कंपनीचं नाव आणि दरमहाचा भरणा दिसतो, तो नोकरीचा भक्कम पुरावा आहे.

मग महिनावार तक्ता करा (ठरलेलं वेतन, मिळालेलं, बाकी) आणि मागणीपत्र द्या. सात दिवसांची मुदत पुरे. प्रत्यक्ष दिलं तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर नाही आलं तर जिल्ह्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात वेतन संहितेखाली दावा दाखल करा. अर्जाचा नमुना तिथेच मागा. कामगार स्वतः अर्ज करू शकतो, नोंदणीकृत युनियनही करू शकते. मुदत तीन वर्षांची. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि अधिकारी बाकी रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावू शकतो. हे अर्जात स्पष्ट मागा.

नोकरीवरून काढल्याचा वाद असेल तर समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जा. तिथे दोन वर्षांनंतर वाद घेतला जात नाही.

कंत्राटी कामगारांनी अर्जात ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांचीही नावं घालायचीच. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो. साथीत ठेकेदाराचा फोन सर्वांत आधी बंद होतो, आणि दावा एकट्या त्याच्यावर केला असेल तर नोटीससुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आजारी पडलात, किंवा आत जाणंच धोक्याचं असेल

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ईएसआय दवाखान्याचं प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी घ्या.

कामाच्या जागी जिवाला धोका वाटला तर परस्पर घरी बसू नका. तसं केलं की कंपनी 'विनापरवाना गैरहजर' लिहिते. धोका काय आहे ते मालकाला आणि सुरक्षा समितीच्या सदस्याला लेखी कळवा (एका बाकावर किती माणसं, पंखे-खिडक्या, मास्क, बाधित सहकारी). मालकाला धोका पटला तर त्याने लगेच उपाय करायचा असतो. पटला नाही तर प्रकरण सरकारी निरीक्षकाकडे पाठवावं लागतं आणि त्याचा निर्णय अंतिम असतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना तिथे मोफत वकील मिळतो. तडजोड ठरली तर रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक करारात लिहून घ्या, आणि 'आता काहीही बाकी नाही' या ओळीवर पैसे खात्यात दिसल्यानंतरच सही करा.