पोकरच्या चिप्स कशाच्या आहेत, हे कसे ओळखावे

बेळगावच्या कॅम्पातील एखाद्या जुन्या बंगल्याची आवराआवर निघते, किंवा चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आलेले कोणी खेळाचा संच आणते, तेव्हा त्यातील चिप्स, म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, ‘क्ले’च्या (मातीच्या) आहेत असे हमखास सांगितले जाते. या शब्दावर विसंबू नये. खानापूरचे कुंभार चाकावर घडवून भट्टीत भाजतात तशी भाजकी माती या चिप्समध्ये नसते. आजची ‘क्ले’ चिप म्हणजे खनिज भुकटी आणि बंधक द्रव्य यांचे मिश्रण साच्यात उष्णता व दाब देऊन घट्ट केलेली चकती असते. ‘सिरॅमिक’ म्हणून विकली जाणारी चिप तर कठीण प्लास्टिकचीच असते आणि तिच्यावर कडेसकट छपाई केलेली असते.

सर्वांत भरवशाची परीक्षा वजनाची. नेहमीच्या चिपचा व्यास ३९ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ३.३ मिलिमीटर असते, म्हणजे घनफळ जवळजवळ ४ घन सेंटिमीटर भरते. एबीएस नावाचे कठीण प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचितच जड असल्याने निव्वळ प्लास्टिकची चिप ४ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. खोक्यावर ११.५ किंवा १३.५ ग्रॅम लिहिलेले असेल आणि चिप गुळगुळीत प्लास्टिकची दिसत असेल, तर आत धातूची चकती दडलेली आहे असे समजावे. घरच्या काट्यावर एक चिप नीट मोजली जात नाही, म्हणून दहा चिप्स एकदम ठेवून भागाकार करावा, नाहीतर शहापुरातील ओळखीच्या सराफाला गळ घालावी. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. न चिकटल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आतली चकती दुसऱ्या धातूची असू शकते. कॅसिनोतील क्ले चिप्स साधारण ८.५ ते १० ग्रॅमच्या असतात, त्यामुळे ‘जड तेवढी अस्सल’ हा दुकानदाराचा युक्तिवाद मला पटत नाही.

आवाजही ऐकावा: क्ले चिप दुसरीवर टाकली की दबका ‘टप’ येतो, धातू भरलेली चिप खणखणते.

जुन्या चिप्सची गोष्ट निराळी. जुन्या विजेच्या काळ्या बटणांमुळे बॅकेलाइट आपल्या परिचयाचे आहे. लिओ बेकलंड यांनी ते १९०७ मध्ये तयार केले. जुनी चिप बॅकेलाइटची असल्याची शंका आली तर ती अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगावी, कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. शिवाय १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात चिप सोडली, तर बॅकेलाइट बुडते आणि निव्वळ एबीएस तरंगते. तापलेली सुई मात्र कधीही टोचू नये, कारण वस्तू सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची निघाली तर ती भडकन पेट घेते. पांढऱ्या चकतीवर बारीक काळे ठिपके दिसल्यास ती हाडाची आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसल्यास हस्तिदंताची असण्याचा संभव असतो. हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी असल्याने अशी चकती विकायला काढू नये.

लाख मिसळून केलेल्या जुन्या चिप्सना स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. मी एका लाल चकतीवर स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा बोळा लाल झाला आणि चकतीवरची नक्षी एका बाजूने कायमची पुसली गेली.