‘डॉन जुआन’ची फँटसी शिकताना

फ्रांझ लिस्टने १८४१ साली मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या ऑपेरातील सुरावटींवर एकट्या पियानोसाठी रचलेली ‘रेमिनिसाँस द डॉन जुआन’ ही फँटसी (मुक्त बांधणीची रचना) मी शिकायला घेतली, तेव्हा मूळ ऑपेरा मी एकदाही सबंध ऐकलेला नव्हता. शेवटचा अतिवेगवान भाग मनात भरला होता म्हणून तिथूनच सुरुवात केली, आणि तीन आठवड्यांत उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत दुखू लागला. माझ्या शिक्षिकेने हाताची चौकशी केली, मग एका पानावर बोट ठेवून विचारले, “इथे कोण गात आहे?” मला उत्तर देता आले नाही. पुढचा महिनाभर त्यांनी मला फक्त दा पोंतेने लिहिलेली त्या ऑपेराची संहिता अनुवादासह वाचायला आणि ऑपेरा ऐकायला लावला.

ही रचना साधारण सोळा-सतरा मिनिटांची आहे. आरंभी स्मशानातील कोमेंदातोरेची, म्हणजे नायक डॉन जोव्हान्नीच्या (म्हणजेच डॉन जुआनच्या) हातून मारल्या गेलेल्या वृद्धाच्या पुतळ्याची, धमकी ऐकू येते. त्यानंतर नायक आणि झर्लिना यांचे युगुलगीत दोन व्हेरिएशन्ससह, म्हणजे त्याच सुरावटीच्या बदललेल्या रूपांसह, येते. आणि मग ‘शॅम्पेन आरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गीतावरील दीर्घ विस्तार सुरू होतो. (त्या गीताच्या शब्दांत शॅम्पेन कुठेही नाही, नुसती वाइन आहे.)

ही रचना नव्याने शिकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ युगुलगीताला द्यावा, असे माझे मत आहे. लग्न ठरलेल्या खेडवळ झर्लिनाकडे हा सरदार नायक तिचा हात मागतो, आणि ती ‘वाटते आहे, आणि नाहीही’ अशा अर्थाचे उत्तर देते. त्याची ओळ खालच्या पट्टीत आणि तिची वरच्या पट्टीत वाजताना दोघांचा स्पर्श वेगळा असावा लागतो, तिची चलबिचल लयीत किंचित जाणवावी लागते, आणि व्हेरिएशन्समध्ये भोवती कितीही स्वर धावत असले तरी हे दोन आवाज हरवू द्यायचे नसतात. मी आधी केवळ गाण्याची ओळ स्वतः गात वाजवली आणि बाकीचे स्वर मागाहून भरले. त्यामुळे कुठे जोर द्यायचा आणि कुठे हात सैल सोडायचा हे आपोआप ठरत गेले, आणि दुखणेही कमी झाले.

हाताची काळजी ही भित्र्यांची सबब समजू नये. रशियन संगीतकार-पियानोवादक स्क्र्याबिनने हीच फँटसी आणि बालाकिरेवची ‘इस्लामे’ ही पियानोरचना यांचा अतिसराव करून उजवा हात दुखावून घेतला होता. डाव्या हातासाठीची त्याची ओपस ९ मधील दोन रचना त्याच दुखापतीच्या पार्श्वभूमीवर १८९४ साली रचल्या गेल्या. दुहेरी स्वरांच्या धावत्या ओळी दिवसाकाठी वीस मिनिटांपलीकडे मी वाजवत नाही. फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा) ठरवताना पियानोवादक फेरुचिओ बुसोनीने सूचनांसह संपादित केलेली आवृत्ती जवळ असावी, मात्र त्याच्या हाताला जे मानवले ते आपल्या हाताला मानवेलच असे नाही.

थेट या रचनेला भिडण्याची तयारी नसेल, तर लिस्टचीच १८५९ची ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरावरील पॅराफ्रेज (मूळ सुरावटींची पियानोसाठी केलेली मुक्त मांडणी) आधी घ्यावी. ती निम्म्याहून कमी लांबीची असून वेर्दीच्या एकाच चतुर्गीतावर उभी आहे.

‘डॉन जुआन’च्या अखेरीस, मद्याचा उन्माद शिगेला पोहोचल्यावर, कोमेंदातोरेची धमकी पुन्हा येते. तिथे पोहोचेपर्यंत हात थकलेला असतो आणि पुतळ्याचा आवाज दुबळा निघतो, म्हणून मी रोजच्या सरावाची सुरुवात त्या शेवटच्या पानापासून करतो.